टपालवाल्याची कानटोपी

"ही अग्निशमन दलाची. ही नको," रोक्सॅन टीगचा वकील म्हणाला आणि लाल हेल्मेट बोटाने बाजूला सरकवलं. "दलाच्या साहेबाची बायको महापौरांची मावसबहीण आहे."

"मग ही काउबॉय हॅटही नको," महापौरांचा वकील म्हणाला. "ज्या दुकानातून आणली ते टीगबाईंच्या मेव्हण्याचं आहे."

सकाळी नऊपासून टेबलावर सहा टोप्या मांडून ठेवल्या होत्या आणि वधूपरीक्षेला बसवल्यासारखी एकेकीची चौकशी चालली होती. नाश्त्याच्या हॉटेलातल्या आचाऱ्याची पांढरी उंच टोपी बाद झाली, कारण त्या हॉटेलात महापौरांच्या नावाचं ऑम्लेट मिळतं. पदवीदानाची काळी टोपी इतकी सपाट, की तिच्यात चिठ्ठी टिकेना. नाताळबाबाची लाल टोपी दोघांनाही पसंत होती, पण सरकारी कामात धर्म आणला म्हणून उद्या कुणी कोर्टात जाईल, असं दोघांनाही एकदमच सुचलं. राहिली बेसबॉलची. तिच्यावरच्या संघाने यंदा इतका मार खाल्ला होता की ती नशिबाच्या कामाला वापरायला कुणी धजेना.

मर्ल डिट्झ निवडणूक कार्यालयाचा प्रमुख. त्याने चष्मा काढला, डोळे चोळले आणि पुन्हा लावला. टोप्या सहाच होत्या.

कोपऱ्यात, खोली तापवणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्यांना पाठ लावून व्हर्ना स्टकी बसली होती. शेजारी अर्नेस्टीन विणत होती. व्हर्ना बहात्तर वर्षांची. कापडाच्या दुकानात तेहेतीस वर्षं कापड मोजून कापून देण्यात हयात गेली, आणि एक्केचाळीस वर्षं दर निवडणुकीला मतदान केंद्रावर यादीत नावं शोधण्यात. केंद्रावरच्या टेबलाशी दोन्ही पक्षांचं एकेक माणूस लागतं. म्हणून व्हर्नाच्या शेजारी वीस वर्षं अर्नेस्टीन. एकमेकींवर नजर ठेवायला बसवलेल्या या दोघी एकमेकींचे डबे खात म्हाताऱ्या झाल्या होत्या.

या खोलीत आजवर एकाच गोष्टीवर दोन्ही वकिलांचं एकमत झालं होतं. चिठ्ठी व्हर्ना काढेल.

पण व्हर्नाचे डोळे मिटत होते. एप्रिलपासून तिचं हे असंच चाललं होतं. रात्री छताकडे बघत राहायचं आणि दिवसा कुठेही पेंगायचं. दवाखान्यात, चर्चमध्ये, एकदा तर किराणा दुकानात पैसे देण्याच्या रांगेत उभ्या उभ्या. झोप म्हणावी तर आजूबाजूचं सगळं ऐकू यायचं. जाग म्हणावी तर एप्रिलात गेलेला नवरा, ऑर्व्हिल, दिसायचा.

"अगं, डोळे उघड," अर्नेस्टीन सुईने कोपराला टोचत म्हणाली. "तू झोपेत चिठ्ठी काढशील आणि तिसऱ्याच माणसाला महापौर करशील."

"ऐकतेय मी."

"काय ऐकलंस?"

"टोपी मिळत नाहीये."

वेदर्बीची वस्ती सत्तर हजार. त्यातले पन्नास हजार मतदार. त्यातल्या एकतीस हजारांना त्या मंगळवारी काही ना काही काम निघालं. उरलेल्यांनी लॉइड हॅमेलना नऊ हजार चारशे बारा मतं दिली आणि रोक्सॅन टीगना नऊ हजार चारशे बारा. यंत्राने मोजली, माणसांनी मोजली, मग माणसांनी एकमेकांकडे बघत मोजली. फरक पडेना. ओहायोच्या कायद्यात अशा वेळी एकच उपाय, चिठ्ठ्या टाकायच्या. कशात टाकायच्या ते कायदा लिहिणाऱ्याने लिहून ठेवलं नव्हतं.

आणि हे सगळं कशावरून, तर एका सर्कलवरून.

दोन वर्षांपूर्वी महापौर हॅमेल सुट्टीत कुठेतरी जाऊन आले. आल्यावर त्यांनी मिल स्ट्रीटच्या चौकातले सिग्नल उपटले आणि मधोमध गोल बांधला. गोलात फुलं, फुलांत एक पितळी बगळा. उद्घाटनाला शाळेचं बँडपथक पुढे आणि महापौरांची उघडी गाडी मागे. आत कसं शिरायचं ते पथकाला शिकवलं होतं. बाहेर कुठून पडायचं ते सांगायचं राहून गेलं. पोरं चाळीस मिनिटं एकच धून वाजवत बगळ्याभोवती फिरली, आणि महापौर हात हलवत त्यांच्या मागे. शेवटी ढोलवाल्या मुलाच्या आईने त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं, तेव्हा बाकीचे सुटले.

रोक्सॅन टीगचे गाडी शिकवण्याचे वर्ग. तिचे विद्यार्थी त्या गोलात जात आणि तास संपला तरी परत येत नसत. म्हणून ती उभी राहिली. निवडून आले तर पहिल्या महिन्यात सर्कल उखडीन, हा तिचा जाहीरनामा. दुसरं कलम नव्हतंच.

खरं दुखणं सर्कलचं नव्हतंच. वेदर्बीच्या लोकांना पुढे घुसता येत नाही. गोलाच्या चार तोंडांशी चार गाड्या आल्या की चौघंही हात करून म्हणणार, तुम्ही आधी. मग चौघंही थांबणार. मग चौघंही एकदम निघणार, एकदम ब्रेक दाबणार, काच खाली करून माफी मागणार आणि पुन्हा म्हणणार, तुम्ही आधी. मागे रांग पार नदीच्या पुलापर्यंत. हॉर्न कुणी वाजवायचा नाही, ते असभ्यपणाचं.

व्हर्नाला ते सर्कल डोळ्यासमोर नको होतं. ऑर्व्हिलला मात्र ते भारी आवडायचं.

त्यांचं सगळंच असं. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात दोघांनी एकदाही एकाच माणसाला मत दिलं नव्हतं. ऑर्व्हिल टपाल वाटायचा, सगळ्या शहराला त्याचं नाव ठाऊक. निवडणूक आली की तो म्हणायचा, "चल, तुझं मत खोडून येतो." ती म्हणायची, "मी तुझं आधीच खोडलंय." दोघांची बेरीज कायम शून्य. घरी बसलो असतो तरी चाललं असतं, असं ती म्हणायची. त्यावर तो म्हणायचा, "पण मग तू घरी बसतेय असं सांगून गुपचूप मत देऊन आली असतीस."

मार्चमध्ये, शेवटच्या आजारात, तपासणीहून परत येताना तो तिला सर्कलमधून दुसरा फेरा मारायला लावायचा. "अजून एकदा फिरव." गुडघ्यावर ब्लँकेट घेऊन तो खिडकीतून बगळ्याला सलाम ठोकायचा. "बत्तीस वर्षं चौकोनात चाललो, व्हर्ना. डावीकडे वळ, सरळ जा, डावीकडे वळ. गोल फिरायला आत्ता मिळतंय." ती पुटपुटत दुसरा फेरा घ्यायची. कधीकधी तिसराही.

म्हणून यंदा तिने आयुष्यात पहिल्यांदा मत बदललं. तिची नेमणूक दुसऱ्या भागातल्या बोलिंगच्या हॉलमध्ये असायची, त्यामुळे स्वतःचं मत तिला टपालानेच द्यावं लागे. ऑक्टोबरात स्वयंपाकघरात बसून तिने लॉइड हॅमेलच्या नावापुढचा गोल काळा केला. माणूस तिला आवडत नव्हता. पण ऑर्व्हिलचं मत कुणीतरी द्यायला हवं होतं, आणि आता ते खोडायला घरात कुणी उरलं नव्हतं.

"माझ्याकडे आहे एक," ती म्हणाली.

खोलीतले सगळे वळले. ती झोपेत बोलली की जागेपणी, हे तिलाही पटकन ठरवता आलं नाही.

"काय आहे, मिसेस स्टकी?" मर्लने विचारलं.

"टोपी. ऑर्व्हिलची. हिवाळ्यात घालायचा ती, कानावर पट्ट्या येणारी. खोल आहे चांगली."

मग रोक्सॅनचा वकील जरा मऊ आवाजात म्हणाला, "माझं कॉलेजचं पत्र त्यांनीच आणून दिलं होतं. हातात दिलं. पेटीत टाकलं नाही."

"माझी घटस्फोटाची नोटीस त्यांनीच आणली," महापौरांचा वकील म्हणाला. "तीही हातातच दिली."

"म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच," मर्ल म्हणाला आणि त्याने घाईघाईने लिहून टाकलं, कुणाचं मन बदलायच्या आत. "दोन वाजता चिठ्ठी. मिसेस स्टकी, टोपी घेऊन या. मी सोडायला येऊ का?"

"मर्ल, तुझ्या शाळेतल्या नाटकाचा वाघाचा झगा मी कापून दिलाय. तू मला सोडायला येणार?"

बाहेर धुकं होतं. थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या मंगळवारचं, नदीवरून उठून गावभर आळसावलेलं. व्हर्ना गाडी हळू चालवत होती. सर्कलच्या तोंडाशी तिच्यासमोर धुक्यात तीन पिवळे दिवे थांबलेले दिसले. कुणीतरी हात हलवत होतं. तिनेही हलवला. तुम्ही आधी. नाही नाही, तुम्ही. मग सगळं शांत झालं. बगळा अर्धाच दिसत होता. पाय धुक्यात विरघळलेले आणि मान वर, जणू गावावरून उडता उडता विचार करायला थांबलाय.

आणि मग टपालाची पांढरी गाडी आली. रस्त्याकडेच्या पेट्यांशी हात पोचावा म्हणून स्टिअरिंग उजवीकडे असलेली, जुनी, तिच्या मागच्या दाराला पोचा पडलेला. ती कुणाचीही वाट न बघता सरळ गोलात शिरली. आत ऑर्व्हिल. कानटोपीच्या पट्ट्या खाली सोडलेल्या, एक कोपर खिडकीबाहेर. त्याने बगळ्याला सलाम केला. एक फेरा. समोरून जाताना व्हर्नाकडे बघून भुवया उडवल्या, ओटा पुसायला विसरली की उडवायचा तशा. दुसरा फेरा. टपाल आहे का काही, असं त्याने हातानेच विचारलं. व्हर्नाने मान हलवली. नाही, काही नाही.

मागून कुणीतरी काचेवर हळूच टकटक केलं. एक म्हातारा वाकून उभा होता. "माफ करा हं, बाई. तुम्ही आधी जाता का? अकरा मिनिटं झाली."

घरात शिरल्या शिरल्या डाव्या हाताला दरवाज्याशी एक फळी. फळीवर कानटोपी. पुढे पितळी गरुड, आत मेंढीची लोकर. नोकरी संपल्यावरही ऑर्व्हिल रोज सकाळी ती डोक्यावर चढवून पोस्टाच्या पेटीपर्यंत पायी जायचा. घरची पत्रं तोच टाकायचा. अंगणाच्या कडेला त्यांचीही पेटी होती, सगळ्यांसारखीच, बाजूला लाल झेंडी असलेली. झेंडी उभी केली की टपालवाली थांबून आतलं पत्र घेऊन जाते. पण ऑर्व्हिलने ती कधी उभी करू दिली नाही. "त्या पोरीला एक थांबा कशाला वाढवायचा? माझे पाय काय गहाण पडलेत?" म्हणून पत्र लिहून झालं की व्हर्ना ते टोपीखाली सरकवायची. सकाळी टोपी उचलली की पत्र दिसायचं. शेहेचाळीस वर्षांत एकही पत्र राहिलं नव्हतं.

एप्रिलनंतर तिने टोपी कधी उचलली नव्हती. फडक्याने धूळ पुसायची, तीही टोपीच्या भोवतीने.

आज तिने टोपी दोन्ही हातांनी उचलली.

खाली पाकीट होतं. पांढरं, निळ्या पट्टीचं, तिकीट लावलेलं. मागे तिची सही, तारीख ऑक्टोबरची एकवीस.

घरातलं घड्याळ वाजलं, मग शेजारच्यांच्या कुत्र्याने भुंकून घेतलं. तिला पहिल्यांदा आलं ते हसू. किती साधं होतं सगळं. लेकीने बिलं वगैरे सगळी कॉम्प्युटरवर लावून दिली होती, त्यामुळे एप्रिलपासून टाकायला हे एकच पत्र होतं. ते तिने लिहिलं, चिकटवलं आणि नेहमीच्या जागी ठेवून दिलं. आणि ज्याने न्यायचं तो नेईल म्हणून निवांत झोपायला गेली.

मतदानाच्या दिवशी बोलिंगच्या हॉलमध्ये ती तेरा तास बसली होती. पलीकडे पिन कोसळत होत्या, अलीकडे ती लोकांच्या छातीवर 'मी मत दिलं' असं स्टिकर चिकटवत होती. एक तिने आपल्या कोटावरही चिकटवलं होतं. ते अजून तिथेच होतं, एका कोपऱ्यातून सुटलेलं.

नऊ हजार चारशे बारा आणि एक. शेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या मताला किंमत आली होती, आणि ते मत टोपीखाली होतं.

"ऑर्व्हिल," ती फळीला म्हणाली, "बत्तीस वर्षं एक पाकीट चुकलं नाही तुझं. चुकलं ते नेमकं हे."

तिने पाकीट पिशवीत घातलं, टोपी कागदी पिशवीत घेतली आणि परत निघाली. यावेळी सर्कलमध्ये कुणाला आधी जायचं विचारलं नाही. सरळ आत शिरली. बाकीचे इतके दचकले की तिघांनी एकदम माफी मागितली.

निवडणूक कार्यालयाच्या दाराशी रांग होती. रोजच असायची, तीन आठवडे. मतं सारखी पडल्याचं कळलं तशी मत न दिलेली माणसं एकेक करून कबुली द्यायला यायला लागली होती. आधी लाजत आली. मग वर्तमानपत्रात एकाचा फोटो आला, दाताच्या दवाखान्यात अडकल्यामुळे शहराचं भवितव्य लटकवणारा माणूस म्हणून. त्यानंतर मात्र रांग लागली. जो तो म्हणायचा, ते एक मत माझं. हॉटेलवाल्याने 'एक मत' नावाचं सँडविच काढलं. कुणीतरी 'तो मीच' छापलेले शर्ट विकायला आणले आणि दोन दिवसांत संपवले. मर्लने शेवटी कंटाळून दारात एक वही ठेवली. येईल त्याने नाव लिहायचं, नंबर घ्यायचा, घरी जायचं.

व्हर्ना रांग टाळून आत गेली. मर्ल त्याच्या खोलीत कालचं टर्कीचं सँडविच खात होता.

"मर्ल, मला एक सांगायचंय."

"टोपी आणलीत? वा. ठेवा तिथे."

"माझं मत घरी राहिलं."

मर्लने घास थांबवला. तिच्या तोंडाकडे बघितलं, मग कोटावरच्या स्टिकरकडे, आणि हसला. थकलेल्या माणसासारखा, पण मनापासून. "तुम्हीसुद्धा, मिसेस स्टकी? काल माझी आई आली होती. ती फ्लोरिडात राहते. तिचं इथल्या यादीत नावच नाही."

"गंमत नाही करत मी."

"कुणीच करत नाही हो. सगळे रडतात." त्याने तोंड पुसलं. "ऐका, टपालाने मागवलेल्या आणि परत न आलेल्या पाकिटांची यादी आहे माझ्या कपाटात. एकसष्ट नावं आहेत. मी ती वाचलेली नाही आणि वाचणारही नाही. मला या गावात राहायचंय."

"आज कुणी तसं पाकीट आणून दिलं तर?"

"तर मी त्यावर 'उशिरा आलं' असा शिक्का मारीन, वहीत नोंदवीन आणि खोक्यात ठेवीन. उघडणार नाही. ते कधीच कुणी उघडत नाही." तो जरा थांबला. "पण नोंद होते. आलं होतं, एवढी."

व्हर्नाने पिशवीवरचा हात काढला. मर्लचा फोन वाजला, वकिलांना खुर्च्या सारख्या उंचीच्या हव्या होत्या. तो उठता उठता म्हणाला, "मनाला लागत असेल तर दारातल्या वहीत लिहा. पेन बांधलंय."

तिने लिहिलं. व्हर्ना स्टकी. नंबर तीनशे बारा. पुढचा माणूस तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. "तुमचं कशामुळे राहिलं?" त्याने विचारलं.

"नवऱ्याने टाकलं नाही."

"माझ्या बायकोचंही तेच म्हणणं असतं," तो म्हणाला आणि पेन घेतलं.

दोन वाजता सभागृह भरलं. एका बाजूला महापौर लॉइड हॅमेल, हसरा चेहरा करून, तो चेहरा कुठे ठेवावा ते न कळल्यासारखा. दुसऱ्या बाजूला रोक्सॅन टीग, गाडी शिकवताना ब्रेकवर पाय ठेवून बसायची तशी पाय ताणून. मर्लने कानटोपी उलटी केली, झटकली, दोन्ही वकिलांना आत हात घालून बघायला लावलं. मग दोन सारख्या चिठ्ठ्या, सारख्या घड्या. टोपीत टाकल्या, हलवल्या.

अर्नेस्टीन पहिल्या रांगेत विणत होती. "जागी राहा गं बाई," ती कुजबुजली.

व्हर्ना टेबलाशी आली. छताचे दिवे, माणसं, कॅमेरे सगळं लांब गेल्यासारखं वाटत होतं, धुक्यापलीकडे. टोपीतून तोच वास आला, ओल्या लोकरीचा आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचा. तिने डोळे मिटले आणि हात आत घातला. आतलं अस्तर एका जागी उसवलेलं होतं. बोटं त्यातच शिरली. कागद लागला. तिने तो ओढून काढला आणि मर्लला दिला.

मर्लने उघडला. वाचला. परत वाचला. त्याचा चेहरा दाराची किल्ली आत विसरल्यासारखा झाला.

"मोठ्याने वाचा," दोन्ही वकील म्हणाले.

मर्लने घसा साफ केला. "'तुम्ही घरी नव्हतात. उद्या परत येतो.'"

पार्सल द्यायला गेल्यावर दाराला लावून येतात ती छापील चिठ्ठी होती, पिवळी पडलेली. घराचा नंबर लिहायचा राहिलेला, खाली मात्र ऑर्व्हिलचं आखूड, उजवीकडे कललेलं अक्षर. हाताशी असाव्यात म्हणून तो अशा चिठ्ठ्या अस्तरात खोचून ठेवायचा.

"हरकत," रोक्सॅनचा वकील उभा राहून म्हणाला.

"कशाला हरकत?" मर्लने विचारलं.

"ते अजून ठरवायचंय. पण नोंद करा."

"आमचीही," महापौरांचा वकील म्हणाला. "टोपीत तिसरा उमेदवार निघालाय."

"ते उमेदवार नाहीत," अर्नेस्टीन विणकामातून मान वर न करता म्हणाली. "असते तर आले असते निवडून."

मागे कुणीतरी हसलं, मग सगळे हसले, महापौरसुद्धा, आणि पहिल्यांदाच तो चेहरा त्यांना बसला. व्हर्ना मात्र हसली नाही. तिने हात पुढे केला. मर्लने क्षणभर वकिलांकडे बघितलं आणि ती पिवळी चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिने ती कोटाच्या खिशात ठेवली आणि दुसऱ्यांदा टोपीत हात घातला. या वेळी डोळे उघडे ठेवून.

दोन घड्या लागल्या. एक अलीकडे, एक पलीकडे. कुठली लॉइड, कुठली रोक्सॅन, बोटांना काय कळणार? तेहेतीस वर्षं कापडावरून हात फिरवून पोत ओळखणाऱ्या त्या बोटांना इथे काहीच सापडेना. अलीकडची उचलली.

"रोक्सॅन टीग," मर्लने वाचलं.

अर्धं सभागृह उठलं. रोक्सॅनने टेबल ओलांडून व्हर्नाला मिठी मारली. "तुमच्या हाताला यश आहे हो," ती म्हणाली. "पहिल्या महिन्यात ते सर्कल जातं की नाही बघा. बगळ्यालाही नदीवर नेऊन ठेवू, मोकळा करू बिचाऱ्याला." लॉइड हॅमेल आले, हात मिळवला आणि म्हणाले, "तुमच्या ऑर्व्हिलने मला एकदा सांगितलं होतं, मत तुम्हालाच दिलं, पण घरी कळवू नका." मग ते मागच्या दाराने गेले. त्यांच्या गाडीच्या मागे कुणी नव्हतं.

मर्ल टोपी हातात घेऊन उभा होता. "मिसेस स्टकी, गावाच्या संग्रहालयात ठेवली तर? काचेच्या पेटीत. खाली नाव लिहू."

"थंडी पडलीय, मर्ल," ती म्हणाली. "टोप्या थंडीत वापरतात." आणि टोपी त्याच्या हातातून घेऊन तिने डोक्यावर चढवली. भुवयांपर्यंत आली.

"शोभतेस," अर्नेस्टीन म्हणाली. "निदान पेंगताना कान तरी झाकलेले राहतील. उद्या येऊ का जेवायला?"

"ये. आणि तुझं ते रताळ्याचं आणू नकोस."

"तेच आणते."

परत जाताना सर्कलशी कुणीच नव्हतं. चार वाजले होते, धुकं आणखी दाट झालं होतं, आणि बाकीचं गाव भाषणं ऐकायला थांबलेलं. व्हर्ना आत शिरली. एक फेरा झाला तेव्हा बाहेर पडायचं वळण आलं आणि मागे पडलं. दुसऱ्या फेऱ्यात तिने काच खाली केली. बगळा धुक्यात डोकावत होता. तिने दोन बोटं टोपीला लावली. तिसऱ्या फेऱ्यात शेजारची जागा बघायचा मोह झाला, पण तिने रस्त्याकडे लक्ष ठेवलं. मग वळून बाहेर पडली.

घरी आल्यावर ती आत गेली नाही. अंगणाच्या कडेला पेटीपाशी उभी राहिली. पिशवीतून पाकीट काढलं. तिकीट नीट आहे का बघितलं, कोपरा सुटला होता तो अंगठ्याने दाबला. पेटीत ठेवलं, झाकण लावलं. बाजूची लाल झेंडी बसवली त्या दिवसापासून आडवी होती. गंज चढून ती तशीच धरली गेली होती. एका हाताने हलेना. व्हर्नाने पिशवी गवतावर ठेवली, दोन्ही हात लावले आणि जोर केला. कर्रर्र आवाज झाला आणि झेंडी उभी राहिली.

ती घरात गेली. फळी रिकामी होती. टोपी तशीच डोक्यावर ठेवून तिने खुर्ची खिडकीशी ओढली आणि बसली. टपालवाली यायला अजून सकाळ उजाडायची होती. बाहेर सगळं पांढरं झालं होतं, रस्ता, कुंपण, समोरचं घर. दिसत होती फक्त झेंडी.